बाराशे चाचण्या, एक डोळा

शालनबाईंचं ऑपरेशन तिसऱ्यांदा रद्द झालं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हिरवी टोपी होती, डाव्या भुवईच्या वर 'हाच डोळा' असं लिहिलेली चिकटपट्टी होती आणि बाहुली मोठी करायचे थेंब चार वेळा घालून झाले होते. चाकाची खुर्ची थिएटरच्या दाराशी नेली. दारावरच्या काचेत नाव उमटलं: शालन नामदेव ढोबळे, वय त्र्याहत्तर. नावाखाली लाल अक्षरांत आकडा आला, एकोणीस. दार काही उघडलं नाही.

"उघडलं का गं?" शालनबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग? आत कोण बसलंय?"

"कुणी नाही. एकोणीस तांबडे आलेत."

"मागच्या खेपेला बत्तीस आलते न्हवं? मंग सुधारणाच म्हणायची की!"

खुर्चीमागे उभी असलेली वृषाली हसली नाही. ती शालनबाईंची सून, आणि बार्शीतल्या या हॉस्पिटलच्या लॅबमधली मुख्य टेक्निशियन. सव्वीस वर्षं तिनं माणसांचं रक्त काढलं होतं. हा रिपोर्टही तिच्याच हातचा होता. त्यामुळे थिएटरमधले सगळे जण दाराकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होते, जणू दार तिनंच धरून ठेवलंय. आणि खरं सांगायचं तर तिलाही काही कळत नव्हतं. मागच्या रिपोर्टातली प्रत्येक लाल ओळ घेऊन ती नऊ डॉक्टरांकडे फिरली होती. यकृतवाल्यानं सही केली, मूत्रपिंडवाल्यानं केली, हाडांचा डॉक्टर सुट्टीवरून यायची वाट पाहून त्याचीही घेतली. तोवर रिपोर्टाचे सात दिवस संपले. नियमाप्रमाणे नवा रिपोर्ट काढला, तर त्यात ही एकोणीस नवी मंडळी हजर.

डोळ्याच्या डॉक्टर रेहाना तांबोळी हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी वृषालीला भिंतीशी घेतलं. "मोतीबिंदू पार पिकलाय. फुगायला लागलाय. आतलं प्रेशर वाढलं ना, तर डोळ्याची नस जाईल. मग मी ऑपरेशन केलं काय आणि नाही केलं काय."

"किती दिवस आहेत, मॅडम?"

"दोन आठवडे. तेही माझ्या आशेवर."

शालनबाईंचा उजवा डोळा नवव्या वर्षी बाभळीच्या काट्यानं गेला होता. उरलेल्या या एका डोळ्यावर त्यांनी चाळीस वर्षं अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवले होते.

*

ज्या यंत्रानं हे सगळं चाललं होतं, त्याचं नाव 'सहस्रक'. दोन वर्षांपूर्वी ते आलं, तेव्हा वृषालीनंच त्याला हार घातला होता.

यंत्र खरोखर कौतुकाचं होतं. टपाल तिकिटाएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसाहून बारीक बाराशे नळ्या. प्रत्येक नळीच्या तळाशी एकेक वेगळा रेणू दबा धरून बसलेला. रक्तातला आपल्या जोडीचा पदार्थ आला की तो त्याला पकडायचा. मग पट्टीवरून प्रकाशाची तिरीप जायची आणि कुठल्या नळीत किती पकडापकडी झाली ते मोजायची. बोटातला एक थेंब आणि अकरा मिनिटं. आकडा ठरलेल्या हद्दीत असेल तर ओळ हिरवी, हद्दीबाहेर असेल तर लाल.

पूर्वी या सगळ्याला दहा नळकांडी रक्त लागलं असतं. ऑपरेशनआधी पेशंट आला की वृषाली तेव्हाही साखर, किडनी, लिव्हर, रक्त गोठायचा वेळ, सगळं काढून टाकायची. डॉक्टरांनी एकच चाचणी लिहिली असली तरी तिचं ठरलेलं वाक्य होतं, "सुई टोचलीच आहे तर सगळंच बघून घेऊ." त्यात काही लबाडी नव्हती. जास्त बघितलं म्हणजे जास्त काळजी घेतली, असं ती मनापासून मानायची. म्हणूनच 'सहस्रक' आल्यावर हॉस्पिटलनं समिती नेमली, तेव्हा नखाचं ऑपरेशन असो की हृदयाचं, प्रत्येकाच्या बाराशे चाचण्या व्हाव्यात असा ठराव तिनंच मांडला. विमा कंपनीला तो इतका आवडला, की तिनं थिएटरचं दारच यंत्राला जोडून दिलं. जिवावरचं काही असेल तर दार आपोआप उघडायचं. बाकीच्यांनी एकेका लाल ओळीवर सही आणायची. सात दिवसांत ज्यांच्या सह्या जमल्या ते आत जायचे. ज्यांच्या नाही जमल्या, ते पुन्हा बोट पुढे करायचे. जुन्या सह्या चालायच्या, पण नव्या थेंबात नव्या ओळी लाल व्हायच्या, आणि दारावर आकडा यायचा तो या सही नसलेल्या ओळींचा.

घरी तर आणखीच कहर झाला होता. वृषालीचा नवरा उमेश रिपोर्ट वाचायला शिकला होता. त्यानं फ्रिजवर यादी चिकटवली होती. शेंगाचटणी बंद, दही बंद, गूळ बंद, आंबाडीची भाजी 'विचारून'. शालनबाई आधी हसायच्या. तिसऱ्या रिपोर्टानंतर हसेनाशा झाल्या. भल्या सकाळी उठून अंगण झाडणारी बाई दुपारभर अंथरुणावर पडून राहू लागली.

"काय होतंय, आई?" वृषालीनं विचारलं.

"माझं लिव्हर दुखायलंय," असं म्हणून त्यांनी डाव्या कुशीवर हात ठेवला.

लिव्हर उजवीकडे असतं. धडधाकट बाई हॉस्पिटलात गेली होती, ती फक्त दिसत नाही एवढंच सांगायला. आता ती आजारी होती. की आधीपासूनच आजारी होती आणि कळलं आत्ता? वृषालीला ठरवता येईना. रात्रंदिवस आकड्यांत राहणारी बाई, आणि आपल्या घरातलं माणूस बरं आहे की नाही एवढंही तिला सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शालनबाईंनी कपात समजून चहा ओट्यावर ओतला. तो त्यांच्या पायावर सांडला. पोळलं थोडंसंच, पण त्या फरशी पुसत बसल्या. जिथं चहा नव्हता ती फरशी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वृषाली लॅबमध्ये एकटी होती. रोज सकाळी यंत्र नीट चालतंय ना हे बघायला ती स्वतःच्या बोटाचा थेंब घालायची. लॅबमधल्या लोकांची ही जुनीच सवय. आपलं रक्त हाताशी असतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पडद्यावर 'बाराशे ओळी पूर्ण' असं आलं की ती पान मिटून टाकायची. आत काय लिहिलंय ते वाचायचं नसायचं, यंत्रानं सगळं लिहिलं की नाही एवढंच बघायचं.

त्या दिवशी तिनं बोट टोचलं आणि थेंब पट्टीवर सोडण्याआधी थांबली. मग पट्टीवर सासूबाईंचं नाव घातलं.

सव्वीस वर्षांत तिनं एका नळीवरचं नाव इकडचं तिकडे केलं नव्हतं. पण तिचा हिशेब सरळ होता. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, कधी तापानंही झोपले नाही. माझे लाल असून असून किती असतील? चार? पाच? दुपारपर्यंत सह्या आणीन आणि संध्याकाळी दार उघडेल.

अकरा मिनिटांनी रिपोर्ट आला. लाल ओळी चौऱ्याहत्तर. वर ठळक अक्षरांत, 'अस्थिमज्जा: संशयास्पद. तातडीने तपासणी.' तिच्या डोळ्यांदेखत यंत्रानं शालन नामदेव ढोबळे यांची सर्व ऑपरेशनं थांबवली आणि त्यांच्या हाडातला मगज तपासायला सोलापूरची गुरुवारची वेळही घेऊन टाकली.

हाडातला मगज सासूबाईंचा नव्हे, आपला! तिनं दुसरं बोट टोचलं, या वेळी स्वतःच्या नावानं. लाल ओळी एकाहत्तर. मगज हिरवा. पण मघाशी हिरवी असलेली थायरॉइडची एक ओळ आता लाल. एकच बाई, एकच सकाळ, वीस मिनिटांचं अंतर. मग खरं कोणतं? आधीचं की नंतरचं? की दोन्ही? तिला रडू येईना आणि हसूही येईना.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली आणि सासूबाईंच्या पलंगावर बसून सगळं सांगून मोकळी झाली. उमेशला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

"म्हंजे तुझं रक्त माझ्या नावावर?"

"हो."

"आन् ते माझ्याहून वंगाळ निघालं?"

"हो, आई."

शालनबाई पहिल्यांदाच कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. हसता हसता थांबल्या. "मला एक सांग. ह्यांनी माप कुणाचं घेतलंय?"

"कसलं माप?"

"अगं, हिरवं कुठवर आन् तांबडं कुठनं, हे कुणाच्या अंगावर बेतलंय? बाई ब्लाउज टाकाया आली की मी मापाचा ब्लाउज मागते. तिचाच जुना, तिला बसणारा. दुसरीच्या मापानं बेतला तर बाई वाकडी म्हणायची, का बेतणारी येडी म्हणायची?"

हा प्रश्न वृषालीला सव्वीस वर्षांत पडला नव्हता.

तिनं यंत्राची माहितीपुस्तिका उघडली. चारशे बाराव्या पानावर बारीक अक्षरांत माप सापडलं. दोनशे चाळीस निरोगी स्वयंसेवक, वय बावीस ते पस्तीस, सगळे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नोकर. त्यांत त्र्याहत्तर वर्षांचं कुणी नव्हतं, आणि बार्शीच्या उन्हात, भाकरीवर वाढलेलंही कुणी नव्हतं. पण खरी गंमत खालच्या ओळीत होती. हद्द ठरवताना या निरोगी लोकांचे आकडे ओळीनं मांडायचे आणि दोन्ही टोकांचे मिळून पाच टक्के बाहेर ठेवायचे. ही रीत जुनीच, सगळ्या लॅबमध्ये चालत आलेली, वृषालीनं परीक्षेत लिहिलेलीसुद्धा. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच प्रत्येक चाचणीत लाल ठरणार, ती आजारी आहेत म्हणून नव्हे, तर रेघ तिथं मारली म्हणून. एकदोन चाचण्या असताना हे कुणाला जाणवत नव्हतं. वीस चाचण्या केल्या की तीन निरोगी माणसांतल्या दोघांची निदान एक तरी ओळ लाल येते. आणि बाराशे केल्या की?

तिनं दळणाच्या चिठ्ठीमागे मांडलं. बाराशेचे पाच टक्के, साठ.

काहीही न झालेल्या माणसाच्या साठ ओळी लाल असणार होत्या. शालनबाईंच्या पहिल्या खेपेला आल्या होत्या एकसष्ट.

आणि रेघेच्या अगदी काठावरचे आकडे तर पहिल्या थेंबाला आत, दुसऱ्याला बाहेर. मगजाचं कोडंही सुटलं, असं तिला वाटलं. माझे चौऱ्याहत्तर म्हणजे साठाच्या आसपासच की, असं म्हणून तिनं चिठ्ठी चुरगळली. पण मग या दोन वर्षांत आपण किती माणसांना घाबरवलं? किती जण दारातून परत गेले? ते काही तिला मांडता येईना.

*

"या चाचण्यांनी काही होत नाही, हे मला ठाऊक आहे गं," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. वृषालीनं दार लावून घेऊन साठाचा हिशेब मांडला होता आणि रक्त बदलल्याचंही सांगितलं होतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोतीबिंदूला नुसता डोळा बधिर करतो आपण. रक्त सांडत नाही. या शतकाच्या सुरुवातीलाच जवळपास एकोणीस हजार ऑपरेशनांवर अभ्यास झाला होता. निम्म्यांच्या ठरावीक चाचण्या केल्या, निम्म्यांच्या नाही. काही फरक पडला नाही. मी नवी होते तेव्हा बीपी बघायचे, औषधं विचारायचे, पेशंटला धाप लागते का विचारायचे. झालं."

"मग तुम्ही समितीत बोलला का नाहीत?"

"तू इतक्या तळमळीनं बोलत होतीस." बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि मीही भ्याले. चाचणी केली आणि काही झालं, तर कुणी विचारत नाही. न करता झालं तर सगळे विचारतात."

वृषालीनं पर्समधून समितीचा छापील अर्ज काढला. ऑपरेशनआधीच्या चाचण्यांचा. सहाव्या रकान्यात होतं, 'चाचणीचे कारण'. तिथं यंत्र आपणहून 'नेहमीप्रमाणे' असं भरायचं. भूल देणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी समितीत फार वाद घातला होता. त्यांची समजूत काढायला तिनंच तिथं दुसरा पर्याय घातला होता, 'गरज नाही'. खाली दोन सह्या हव्या होत्या, सर्जनची आणि लॅबप्रमुखाची, म्हणजे तिचीच. चाचणीच मागितली नाही, तर दार कुठल्या रिपोर्टाची वाट बघणार? दोन वर्षांत तो पर्याय एकदाही कुणी वापरला नव्हता. तिला स्वतःलाही त्याचा विसर पडला होता.

"पण आईंच्या नावावर तो मगज बसलाय," डॉक्टर म्हणाल्या. "तो असेपर्यंत हा अर्ज चालणार नाही. तो काढायचा तर..."

"तर ते रक्त माझं होतं असं लिहून द्यावं लागेल."

"नोकरी जाईल, वृषाली."

"माहीत आहे. आणि आईंना काही झालं तर?"

"व्हायची शक्यता फार कमी आहे. नाहीच असं मी म्हणणार नाही."

वृषालीला कुणीतरी 'नाहीच' म्हणायला हवं होतं. बाराशे आकड्यांनी दोन वर्षं तिला तेच खोटं सांगितलं होतं, की सगळं बघितलं की काही होत नाही. आता समोर एक कोरा रकाना होता आणि त्यात भीती सोडून काही नव्हतं. बरोबर करतोय की घोडचूक, तिला खरंच कळत नव्हतं. तिनं 'गरज नाही' वर खूण केली आणि सही केली. शेजारी डॉक्टरांनी आपली केली. मग वृषालीनं दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'सदर नमुना माझ्या रक्ताचा आहे.'

*

ऑपरेशन चौदा मिनिटांत झालं. तोवर वृषालीचं ओळखपत्र जमा झालं होतं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसण्याचं पत्र हातात पडलं होतं. उमेश दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. त्याला राग तिचा आला होता की यंत्राचा, की फ्रिजवरच्या यादीचा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला ती सासूबाईंना घेऊन गेली. अॅप्रन नव्हता, म्हणून साडी नेसली होती. डॉक्टर तांबोळींनी पट्टी सोडवली, डोळा पुसला. शालनबाईंनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खिडकी बघितली. स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग सुनेकडे बघितलं आणि त्यांची नजर तिथंच खिळली.

"दिसतंय ना, आई?" वृषालीनं विचारलं.

"हा ब्लाउज मी दिवाळीत शिवलेला न्हवं?"

"हो."

"दोन बोटं सैल झालाय." त्यांनी हात पुढे करून तिच्या दंडावरचं कापड चिमटीत धरलं. "आन् तोंड बघ, पांढरंफटक. किती दिवस झालं गं हे? जेवतीस का न्हाई? पाळी किती दिवस चालायलीय?"

वृषाली गोंधळली. "असं काय... या वयात होतंच पुढेमागे. दहा दिवस, बारा दिवस..."

"जिना चढताना धाप लागते?" हे डॉक्टरांनी विचारलं. त्या उठून जवळ आल्या होत्या.

"लागते. म्हणजे उन्हाळ्यापासून. मला वाटलं, या सगळ्या धावपळीनं."

डॉक्टरांनी अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढली. शालनबाईंनी आपल्या नव्या डोळ्यानं तिथं वाकून बघितलं. जिथं लाल असायला हवं, तिथं लाल नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली.

लॅबमध्ये तिच्या खुर्चीवर सावळे बसले होते. पंधरा वर्षं तिच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली आणि सवयीनं म्हणाले, "मॅडम, सुई टोचलीच आहे तर 'सहस्रक'लाही एक थेंब..."

"नको, सावळे," वृषाली म्हणाली. "विचारलंय तेवढंच."

हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक आलं. साधारण बारा असायला हवं.

सावळे 'सहस्रक'कडे गेले आणि सकाळच्या यंत्र-तपासणीच्या नोंदी उघडल्या. रोजची एक. सगळ्या वृषालीच्या बोटाच्या. नवव्या ओळीत हिमोग्लोबिन. जानेवारीत अकरा पूर्णांक दोन, लाल. मार्चात दहा, लाल. मेमध्ये साडेआठ, लाल. खाली-वर साठ-सत्तर लाल ओळींच्या गर्दीत ती एक खरी ओळ रोज सकाळी तिला हाका मारत होती आणि तिनं रोज सकाळी पान मिटलं होतं.

यंत्र खोटं होतं म्हणावं, तर त्यानं खरं सांगितलं होतं. खरं होतं म्हणावं, तर ते ऐकू कुणाला आलं? आता पुढे काय निघेल, पोटातली साधी गाठ की आणखी काही, तेही वृषालीला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी शुक्रवारी सोनोग्राफीला बोलावलं होतं. या वेळी कशासाठी, ते मात्र चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर शालनबाईंनी शिलाई मशीनवरची चादर काढली. चार दिवस मशीन चालवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "हातानं टाके घालू नको, असं कुठं म्हणली ती?" असं म्हणत त्यांनी सुई उजेडात धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. उमेश दारात उभा राहून बघत होता. त्यानं फ्रिजवरची यादी काढली आणि आईच्या पुढ्यात शेंगाचटणीची बरणी आणून ठेवली. थोडा वेळ थांबून एक चमचा बायकोच्या ताटात वाढला.

"तो ब्लाउज टाक इकडं," शालनबाई सुनेला म्हणाल्या. "दोन बोटं आत घेते."

"नका घेऊ, आई. मी भरेन परत."

शालनबाईंनी मान वर करून तिला एकदा पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"मंग कच्चीच शिवण घालते," त्या म्हणाल्या. "भरलीस की उसवू."